हद्दपारीची गाणी आणि हातातला कागद

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत कंठसंगीत आणि अभिजात गिटार यांच्या एका मैफलीची बातमी 'ज्यूंच्या विस्थापनाची ५०० वर्षांपूर्वीची गाणी' या मथळ्याखाली आली. असे कार्यक्रम आपल्याकडे क्वचित होतात, आणि त्यांना पुरवणीत जागा मिळणे त्याहून क्वचित. म्हणून तक्रारीआधी आभार. पण मथळ्यातले 'विस्थापन' आणि '५०० वर्षांपूर्वीची' हे दोन्ही शब्द वाचकाला भलतीकडे नेतात. बातमीत जी यादी एका ओळीत उरकली आहे (लादिनो गाणी, 'द दिवान ऑफ मोझेस इब्न एझ्रा', 'बल्लाता दाल्लेसिलिओ' आणि तेरेझिनच्या नाझी छावणीतली अंगाई) तिच्यात चार निरनिराळ्या काळांतली, चार निरनिराळ्या कारणांनी घर सुटलेली माणसे आहेत. ही मैफल शब्दांवर उभी असते. शब्द कळले नाहीत, तर सगळे सारखेच संथ आणि सारखेच उदास वाटते आणि तिसऱ्या गाण्याला मागच्या रांगेत मोबाइल उजळू लागतात.

आधी त्या ५०० वर्षांविषयी. स्पेनच्या फर्दिनांद आणि इसाबेला यांनी ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम काढला तो ३१ मार्च १४९२ रोजी. मुदत जुलैअखेरपर्यंत: बाप्तिस्मा घ्या, नाहीतर निघा. निघालेल्यांपैकी पुष्कळ जण पुढे ओटोमन साम्राज्यातल्या सलोनिका, इस्तंबूल, इझमीर, साराजेव्हो अशा शहरांत स्थिरावले आणि घरात आपली जुनी स्पॅनिश बोलत राहिले. तिच्यात हिब्रू, तुर्की, ग्रीक शब्द मिसळत गेले. तीच लादिनो. मात्र मैफलीत गायली जाणारी बहुतेक लादिनो गाणी काही १४९२ च्या गाठोड्यातून आलेली नाहीत. जुन्या कथागीतांचे काही शब्द मध्ययुगीन स्पेनपर्यंत मागे जातात हे खरे. प्रेमगीते आणि अंगाया यांतला मोठा भाग मात्र १९ व्या शतकातला आणि २० व्या शतकाच्या आरंभीचा, तोही ओटोमन शहरांत घडलेला आहे. सर्वांत लोकप्रिय 'आदिओ केरिदा' घ्या. त्याची चाल व्हेर्दीच्या 'ला त्राव्हियाता' (१८५३) या ऑपेरातल्या 'आदिओ देल पासातो' या पदाशी इतकी मिळते की ऐकताक्षणी कान टवकारतात. आपल्याकडे नाट्यपदाच्या चालीवर भजन बसवतात, तसलाच हा मामला. त्यात कमीपणा काही नाही. परक्या शहरात राहणारी माणसे तिथली नवी गाणी कानांत साठवत होती, ही गोष्ट मला तरी '५०० वर्षे जपलेला ठेवा' या वाक्यापेक्षा जास्त जिवंत वाटते. ('मला' असे लिहिले खरे, पण हे पत्र आम्ही तिघांनी मिळून लिहिले आहे, या मुद्द्यावर तिघांचे एकमत आहे.)

गिटारचेही तसेच. आजच्या अभिजात गिटारचा आकार आणि आतली पट्ट्यांची रचना स्थिरावली ती १९ व्या शतकाच्या मध्याला, आल्मेरियाच्या अंतोनिओ दे तोरेस या कारागिराच्या हातून. १४९२ च्या स्पेनमध्ये विव्हेला, ल्यूट, ऊद ही छेडायची तंतुवाद्ये होती. लादिनो गाणी तर मुख्यतः बायकांची. घरात, लग्नात, पाळण्याशी, साथीशिवाय किंवा फार तर हातातल्या डफावर म्हटलेली. गिटारची साथ हा त्यांना मैफलीसाठी चढवलेला अलीकडचा पोशाख. २० व्या शतकात अनेक संगीतकारांनी ही गाणी मंचासाठी बांधली. त्यांत स्पॅनिश संगीतकार होआकिन रोद्रिगो यांची १९६५ मधली चार सेफार्दी गाणी आहेत (सेफार्दी म्हणजे मूळ स्पेन-पोर्तुगालचे ज्यू). रोद्रिगो स्वतः ज्यू नव्हते, पण त्यांच्या पत्नी व्हिक्टोरिया कामी इस्तंबूलच्या सेफार्दी घराण्यातल्या होत्या. त्यामुळे 'परंपरागत गाणी' एवढेच न छापता मांडणी कुणाची तेही छापायला हवे.

उच्चारांबद्दल दोन शब्द, कारण इथे तयारीचे गायकही घसरतात. ज्यांनी आजची स्पॅनिश शिकलेली असते ते लादिनो तिच्याच वळणाने म्हणतात. आजच्या स्पॅनिशमध्ये 'डोळे' म्हणजे 'ओखोस', घशातून. लादिनोत तो शब्द 'ओझोस' असतो, आणि हा 'झ' 'झाड'मधलाही नाही आणि 'झेंडा'मधलाही नाही. इंग्लिश 'मेझर' (measure) या शब्दात जो ऐकू येतो तो. 'म्हणाला' हे आज 'दिखो', लादिनोत 'दिशो'. घशातला एक 'ख' आला की गाणे इस्तंबूलहून थेट आजच्या माद्रिदला पोचते. मराठी गायकांना च-ज-झ च्या दोन-दोन उच्चारांची सवय असते, त्यामुळे हा फरक त्यांच्या जिभेवर लवकर बसतो. सांगणारे कुणी असावे लागते इतकेच.

बातमीत 'या गाण्यांत आपला भैरव ऐकू येतो' असेही म्हटले आहे. ऐकू येतो हे खरेच. तुर्कांच्या हिजाझ मकामात (मकाम म्हणजे त्यांच्याकडचा राग म्हणा) आणि पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या 'अहावा राब्बा' या प्रार्थनेच्या स्वरावलीत कोमल रिषभ आणि शुद्ध गंधार शेजारी शेजारी येतात. 'अहावा राब्बा' पूर्ण मांडली तर पूर्वांगात भैरव आणि उत्तरांगात भैरवी, म्हणजे आपला बसंत मुखारी. पण एवढ्यावरून नाते जोडू नये. सप्तकात स्वर मोजकेच असतात, आणि दूरदूरच्या माणसांच्या हाती तीच जुळणी लागू शकते. व्यवहारातला प्रश्न वेगळाच आहे: मकामातला रिषभ गिटारच्या पडद्यावर सापडतो तसा नसतो. सतारीचा पडदा सरकवता येतो, गिटारचा पक्का ठोकलेला असतो. गायिकेने कानावरच्या मकामाप्रमाणे रिषभ किंचित चढा लावला आणि गिटारने त्याच क्षणी पुरा कॉर्ड, म्हणजे अनेक स्वर एकदम, वाजवला, तर दोघांपैकी एक जण बेसूर वाटतो, आणि बोल गायिकेला लागतो. उपाय सोपा आहे. अशा जागी कॉर्ड द्यायचा नाही. खुल्या तारांवर सा-प धरून ठेवायचा, तंबोऱ्यासारखा, आणि गायिकेला मोकळे सोडायचे. वाईट मांडण्यांमध्ये दर मात्रेला कॉर्ड असतो, आणि सलोनिकाची अंगाई टँगोसारखी लागते.

आता 'दिवान'कडे. त्यावर बातमीत अर्धे वाक्य आहे, आणि खरे तर या मैफलीचा कणा तोच आहे. मराठी वाचकाला 'दिवाण' म्हटले की कारभारी आठवतो, नाहीतर बैठकीच्या खोलीतला पलंग. इथे तो शब्द गालिबच्या 'दीवान'मधल्या अर्थाने आहे: एका कवीच्या कवितांचा संग्रह. कवी मोशे (इंग्लिशमध्ये मोझेस) इब्न एझ्रा, ज्यू, जन्म ११ व्या शतकाच्या मध्याला, स्पेनच्या मुस्लिम दक्षिणेतल्या ग्रानाडाचा. हिब्रूत लिहायचा, पण वृत्ते अरबी. काव्यशास्त्रावरचा ग्रंथही त्याने अरबीतच लिहिला. १०९० मध्ये मोरोक्कोकडून आलेल्या अल्मोराविद या मुस्लिम राजवटीने ग्रानाडा घेतले आणि शहरातले ज्यू जीवन विस्कटले. काही वर्षांनी कवी उत्तरेला ख्रिस्ती राज्यांत गेला आणि उरलेले आयुष्य तिथेच, ग्रानाडाची आठवण काढत राहिला. तारीख नीट पाहिली तर लक्षात येईल की ही हद्दपारी १४९२ च्या ४०० वर्षे आधीची आहे आणि दिशा उलटी: मुस्लिम दक्षिणेकडून ख्रिस्ती उत्तरेकडे. भोवती ज्यू होते, तरी त्याला एकटे वाटत होते, कारण कवितेची ती भाषा जाणणारी माणसे मागे राहिली होती. '१४९२ मध्ये स्पेनमधून हाकललेल्या कवीची गाणी' असे निवेदन झाले की हे सगळे पुसले जाते.

या कवितांना स्वर दिले मारिओ कास्तेलनुओवो-तेदेस्को यांनी. जन्म १८९५, फ्लॉरेन्स, जुने सेफार्दी घराणे. १९२५ मध्ये त्यांना आजोबांची एक वही सापडली. आजोबांनी तिच्यात हिब्रू प्रार्थनांना दिलेल्या चाली होत्या. आजोबा असे काही करत हे घरात कुणाला माहीत नव्हते. त्यानंतर त्यांच्या रचनांत ज्यू विषय वारंवार येऊ लागले. १९३२ मध्ये व्हेनिसला स्पॅनिश गिटारवादक आंद्रेस सेगोविया भेटले आणि त्यांच्यासाठी गिटारचे लेखन सुरू झाले. १९३८ मध्ये मुसोलिनीच्या सरकारने वंशकायदे आणले, त्याआधीच त्यांचे संगीत इटालियन रेडिओवरून गायब झाले होते. १९३९ मध्ये बायकामुलांसह ते अमेरिकेला गेले. त्याच वर्षी लिहिलेला गिटार कॉन्चेर्तो (वाद्यवृंदासोबत वाजवायची रचना) सेगोवियांनी मॉन्टेव्हिडिओत प्रथम वाजवला. पुढे हॉलिवूडमध्ये चित्रपटांचे काम आणि शिकवणे. आंद्रे प्रेव्हिन, हेन्री मॅन्सिनी, जॉन विल्यम्स हे त्यांचे शिष्य. (हे विल्यम्स चित्रपट-संगीतकार. त्याच नावाचे विख्यात गिटारवादक वेगळे, आणि हा घोळ छापील पत्रिकांत हमखास होतो.)

'दिवान' १९६६ चे, मृत्यूच्या दोन वर्षे आधीचे. एकूण १९ गाणी: पाच भाग आणि शेवटी एक उपसंहार. पहिल्या तीन गाण्यांचा भाग भटकंतीचा, मग मैत्रीचा, मग मद्याचा आणि बागेचा, मग जगाच्या उलथापालथीचा, आणि पाचवा, सर्वांत मोठा, नश्वरतेचा. उपसंहारात कवी थडग्यातून बोलतो. स्वर दिले आहेत ते इंग्लिश भाषांतराला, मूळ हिब्रूला नाही. म्हणजे अरबी वृत्तातली हिब्रू कविता, तिचे अमेरिकेतले इंग्लिश रूप, इटालियन संगीतकार, स्पॅनिश वाद्य. काही गायक उत्साहाने मूळ हिब्रू शब्द त्याच स्वरांवर बसवायला जातात. ते बसत नाहीत. आघात चुकतात, ओळीतली अक्षरे वाढतात आणि स्वर तोडावे लागतात. हिब्रू हवीच असेल तर गाण्याआधी एक कडवे नुसते वाचावे.

सगळी १९ गाणी एका कार्यक्रमात घेतली तर दुसऱ्या कशाला जागा उरत नाही. ७-८ निवडायची असतील तर प्रत्येक भागातून एक तरी घ्यावे आणि उपसंहार सोडू नये. चूक होते ती अशी की निवडणारा फक्त दुःखाची गाणी उचलतो. मद्याचे आणि बागेचे गाणे गळाले की कवी काय गमावून बसला हे कळतच नाही, नुसते रडगाणे उरते.

कास्तेलनुओवो-तेदेस्को स्वतः गिटार वाजवत नसत. त्यांनी कॉर्ड लिहिले ते पियानोवर बसणाऱ्या माणसाच्या कानाने, आणि ते हाताखाली आणण्याचे काम वादकांवर सोपवले. डाव्या हाताची चार बोटे, सहा तारा. काही जागा लिहिल्याप्रमाणे वाजत नाहीत हे गृहीत धरावे. सोडायचा तर मधला स्वर सोडावा. खालचा आणि वरचा राखावा. गायिका ज्या स्वरावर आहे तोच स्वर गिटारमध्ये असेल तर तो आधी वगळावा, कारण तो ऐकू येतोच आहे.

'बल्लाता दाल्लेसिलिओ', म्हणजे 'हद्दपारीतले बल्लाता' (बल्लाता हा जुना इटालियन गीतप्रकार), याच संगीतकाराचे, १९५६ चे. शब्द गुइदो काव्हालकान्तीचे. हा १३ व्या शतकातला फ्लॉरेन्सचा ख्रिस्ती कवी, महाकवी दान्तेचा मित्र. १३०० मध्ये शहरातल्या गटबाजीमुळे त्याला सार्झानाला हद्दपार केले गेले. तो निर्णय घेणाऱ्या नगरप्रमुखांत दान्तेही होता. काव्हालकान्ती तिथे आजारी पडला आणि त्याच वर्षी वारला. ही कविता त्या हद्दपारीतली, असे परंपरेने मानले जाते. कवी आपल्या कवितेलाच सांगतो की मी काही आता तोस्कानाला (फ्लॉरेन्सच्या प्रांताला) परतत नाही, तूच जा. कॅलिफोर्नियात बसलेल्या फ्लॉरेन्सच्या माणसाने हे शब्द निवडले. यात ज्यू काय आहे, असे विचारले तर उत्तर 'एक अक्षरही नाही' असे आहे, आणि तरी ते या कार्यक्रमात बसते. 'वारसा' या शब्दाचा अर्थ फक्त प्रार्थनेच्या चाली असा घेतला तर या माणसाच्या फ्लॉरेन्सवरच पाणी सोडावे लागेल.

इल्झे वेबरबद्दल थोडक्यात. प्रागमध्ये राहणारी, जर्मन भाषेत मुलांसाठी लिहिणारी लेखिका. १९४२ मध्ये तिला तेरेझिनला नेले. तिथे ती मुलांच्या रुग्णकक्षात परिचारिकेचे काम करायची, औषधे जवळजवळ नसताना, आणि गिटारवर स्वतःची गाणी म्हणायची. ऑक्टोबर १९४४ मध्ये ऑशविट्झला ती आणि तिचा धाकटा मुलगा मारले गेले. नवऱ्याने तिची गाणी आणि कविता छावणीतल्या अवजारांच्या खोपटात पुरून ठेवल्या होत्या. तो वाचला आणि परत जाऊन त्याने त्या काढल्या. 'विगाला' ही तिची अंगाई. वारा, बुलबुल, चंद्राचा कंदील, निजलेले जग. तिच्यात छावणीचा उल्लेख नाही. तिची साथ साधी आहे आणि साधीच ठेवायची असते. संपूर्ण कार्यक्रमात गिटारसाठीच लिहिलेले वाटावे असे हेच गाणे, आणि मांडणीकार नेमका इथेच कारागिरी दाखवतो. निवेदकानेही इथे गळा काढू नये. नाव, वर्ष, दोन वाक्ये, आणि थांबावे. शेवटी 'वन्स मोअर' म्हणून तर ती मुळीच घेऊ नये.

म्हणूनच 'विस्थापन' हा शब्द आम्हाला खटकला. मराठीत विस्थापित म्हटले की कोयना आणि नर्मदा आठवते. निर्वासित म्हटले की १९४७. वनवासाला १४ वर्षांची मुदत असते आणि शेवटी अयोध्या असते. तडीपारी तर पोलिसांची. इब्न एझ्रा परागंदा झाला. १४९२ ची माणसे हद्दपार झाली. कास्तेलनुओवो-तेदेस्को यांनी देश सोडला, दार पूर्ण बंद होण्याआधी. इल्झे वेबर बंदिवासात होती. चार माणसे, चार शब्द. एकच शब्द सगळ्यांना पांघरला की ऐकणाऱ्याचा कानही एकच चाल धरून बसतो.

आता मंचावरच्या गोष्टी. बातमीत 'गिटार नीट ऐकू आली नाही' असे वाक्य आहे, आणि त्याचे खापर वादकावर फोडले आहे. वादकाचा दोष असेलही, पण बहुतेक वेळा तो आधीच ठरून गेलेला असतो.

पहिली गोष्ट पट्टी. गायिका म्हणते काळी दोन, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीचा सा. पियानोला काही फरक पडत नाही. गिटारचा जीव जातो. तिच्या खुल्या तारा जाडीकडून बारीककडे पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि पुन्हा तीन अशा लावलेल्या असतात. पांढरी दोन, तीन आणि सहा या पट्ट्यांत त्या खुल्या तारा आपोआप गुंजतात आणि वाद्य दुप्पट भरलेले वाटते. काळी दोनमध्ये जवळजवळ प्रत्येक स्वर दाबून काढावा लागतो, आवाज कोरडा होतो आणि डावा हात तिसऱ्या गाण्यापर्यंत थकतो. तडजोड अशी: गायिकेने अर्धा स्वर खाली किंवा वर यावे. ते शक्य नसेल तर पहिल्या पडद्यावर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून पांढरी दोनची बोटे वाजवावीत. कॅपो तिसऱ्या पडद्याच्या वर गेला की खर्ज निघून जातो आणि वाद्य खेळण्यासारखे किणकिणते. 'दिवान' मात्र मुळातच गिटारसाठी लिहिलेले आहे. तिथे पट्टी हलवू नये, आवाजाला झेपणारी गाणी निवडावीत.

दुसरी, सहावी तार. काही गाण्यांत ती पांढरी तीनवरून पांढरी दोनवर उतरवावी लागते. उतरवलेली तार गाणे चालू असताना हळूहळू वर सरकते, चढवलेली खाली येते. म्हणून उतरवताना थोडी जास्त उतरवायची, अंगठ्याने एकदा ओढायची आणि मग खालून वर स्वरावर आणायची. त्याहून चांगले म्हणजे क्रमच असा लावायचा की उतरलेल्या तारेची गाणी एकत्र येतील. संपूर्ण कार्यक्रमात दोनदा तार बदलावी लागली तर ठीक. सहादा लागली तर तार जुळवण्याचीच मैफल होते.

तिसरी, लय. गिटारचा स्वर छेडला की लगेच विरू लागतो, बारीक तारांवर तर फारच लवकर. पियानोबरोबर तालीम केलेली गायिका 'भाव' आणण्यासाठी लय ओढते, आणि तिच्या लांब स्वराखाली काहीच उरत नाही. हे गाणे किती संथ घ्यायचे ते गिटारने ठरवावे. तालमीत खालचा कॉर्ड एकदा वाजवून तो किती टिकतो ते ऐकावे. त्याहून लांब ओळ पेलणार नाही.

चौथी, हवा. गिटारच्या लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगते, तारा पडद्यांपासून उंच होतात आणि दाबायला जड जातात. विदर्भातल्या मे महिन्यात उलटे होते: फळी आकसते, पडद्यांची टोके बोटाला टोचतात आणि काळजी घेतली नाही तर फळीला चीर जाते. बाहेरच्या दमटातून वाद्य थेट एसी सभागृहात आणले की सूर अर्धा तास स्थिर होत नाही. पेटी सभागृहात आणून २०-३० मिनिटे बंद ठेवावी, मग उघडावी. वादकाच्या डोक्यावर एसीचा झोत येत असेल तर खुर्ची हलवावी. नव्या तारा दोन-तीन दिवस आधी चढवाव्यात. आदल्या रात्री चढवलेली नायलॉनची तार मैफलभर ताणत राहते.

पाचवी, माइक. शे-दीडशे श्रोत्यांच्या शांत खोलीत माइक लागतच नाही. गायिकेने आवाज आवरावा, व्यंजने ठसठशीत म्हणावीत, आणि पंखे बंद करावेत. वर फिरणारे चार पंखे गिटारचा अर्धा आवाज खातात. सभागृह मोठे असेल तर गिटारपुरता एक माइक. तो भोकासमोर ठेवू नये, तिथे घुमारा येतो. मान जिथे पेटीला मिळते तिकडे रोखून ४०-६० सेंटीमीटरवर ठेवावा. फार जवळ आणला तर जाड तारांवर सरकणाऱ्या बोटांची चर्रचर्र सभागृहभर ऐकू येते. स्पीकर वादकाच्या जवळ, खाली ठेवावा, म्हणजे आवाज माणसाकडून येतो, छतातून नाही. आणि साउंडवाल्याला नाट्यसंगीताच्या सवयीने 'थोडा एको' द्यायचा मोह होतो, तो त्याला आवरायला सांगावा. गायिकेने गिटारच्या मानेच्या बाजूला, हातभर अंतर सोडून उभे राहावे. वादक डाव्या हाताकडे पाहतो तेव्हाच तिचा श्वास त्याला दिसतो.

'आपला याच्याशी काय संबंध' असा सूर बातमीच्या शेवटी आहे. संबंध आहे, पण तो ओढूनताणून जोडू नये. १४९२ ला स्पेनमधून निघालेल्या ज्यू आईबापांचा पोर्तुगालमध्ये वाढलेला मुलगा, गार्सिया द ओर्ता, १५३४ मध्ये गोव्याला आला. १५६३ मध्ये त्याचा इथल्या औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. तो वारल्यावर, १५८० मध्ये, इन्क्विझिशनने, म्हणजे ख्रिस्ती धर्मन्यायालयाने, त्याची हाडे उकरून जाळली. कार्ल्सबादला जन्मलेला ज्यू संगीतकार वॉल्टर काउफमान १९३४ ते १९४६ मुंबईत राहिला, आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचा प्रमुख होता, आणि आकाशवाणीच्या परिचयधूनचे श्रेय त्याला दिले जाते. (ती धून गिटारवर वाजवून टाळ्या मिळवण्याचा मोह टाळावा. टाळ्या मिळतीलच, पण पुढचे गाणे मरेल.)

आणि कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, बेने इस्रायल. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेल्या गलबताची त्यांची कथा, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनिवार तेली' हे नाव, एलियाहू नबीचा मलिदा हे आपल्या पुरवणीत पूर्वी येऊन गेले आहे. १९ व्या शतकाच्या अखेरीस त्यांनी बायबलमधल्या कथांवर मराठी कीर्तने रचली. त्यांना इथून कुणी हाकलले नाही. १९४८ नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले ते आपण होऊन, आणि तिथेही मराठीत 'मायबोली' नियतकालिक काढत राहिले. त्यांचे एखादे कीर्तनपद दोन कॉर्ड लावून या कार्यक्रमात घुसवले तर ते हद्दपारीचे गाणे ठरेल, आणि ते तसे नाही. त्याला पेटी-टाळ आणि स्वतंत्र संध्याकाळ द्यावी.

त्यांच्याकडून घेण्यासारखे आहे ते वेगळेच. इजिप्तमधून सुटका झाल्याची कथा ज्यू लोक पेसाह सणाच्या रात्री ज्या पुस्तकातून वाचतात, ती हग्गादा १८७४ मध्ये पुण्यात छापली गेली: हिब्रू मजकूर आणि सोबत मराठी भाषांतर. जेवणाच्या पाटावर बसलेल्या प्रत्येकाला आपण काय म्हणतो आहोत हे कळावे, इतका साधा हेतू. १५० वर्षांपूर्वी पुण्याच्या छापखान्याला जे जमले, ते आज संयोजकांना जड का जावे?

प्रत्येक श्रोत्याच्या हातात शब्दांचा कागद द्यावा. ए-फोर कागद मधोमध दुमडून. डावीकडे मूळ शब्द देवनागरीत, उजवीकडे मराठी अर्थ, ओळीसमोर ओळ. भाषांतर गद्यात असावे. यमके जुळवली की ओळी मागेपुढे होतात आणि श्रोता हरवतो. रचनेखाली संगीतकार, कवी, वर्ष, आणि एका ओळीत कोण, कुठून, कशामुळे निघाले. त्या एका ओळीने निवेदनाची दहा मिनिटे वाचतात. परवानगीचे विसरू नये. आपल्या कायद्यात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतात. कास्तेलनुओवो-तेदेस्को १९६८ मध्ये वारले, म्हणजे २०२८ च्या अखेरीपर्यंत त्यांच्या स्वरलिपीची झेरॉक्स काढून चालणार नाही. गाण्याचे शब्द छापायचे तर प्रकाशकाला महिनाभर आधी लिहावे.

कागद गुळगुळीत आर्ट पेपर नको, तो कडकडतो. साधा ८० ग्रॅमचा पुरतो. अक्षर १४ पॉइंटचे, कारण या मैफलींना येणाऱ्यांत चष्मेवाले जास्त. प्रेक्षागृहातले दिवे पूर्ण मालवू नयेत, वाचता येईल इतके ठेवावेत. एक गाणे एका पानावर संपवावे, आणि पानाच्या तळाशी ठळक छापावे: गाणे संपल्याशिवाय पान उलटू नये. शंभर माणसांनी एकदम पान उलटले की जो आवाज होतो, तो गिटारच्या शेवटच्या स्वरापेक्षा मोठा असतो.

आपले,
गिटार आणि कंठसंगीत शिकवणारे तिघे, पुणे